वाक्याच्या शेवटचा ‘नाही’ ऐकू यावा म्हणून : कॉम्प्रेसर, गेट आणि लिमिटर कसे वापरावेत

द्राक्षबागायतदारांच्या एका गटासाठी आम्ही दर पंधरवड्याला दहा-बारा मिनिटांचे ध्वनिमुद्रण तयार करतो. दिंडोरी तालुक्यातील एक जाणकार बागायतदार बोलतात, पंचवटीतल्या माझ्या खोलीत मी ते मुद्रित करतो आणि संध्याकाळपर्यंत ते सर्वांच्या फोनवर पोहोचते. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या एका भागात ते म्हणाले होते, “बाग फुलोऱ्यात असताना ही फवारणी करायची नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी निफाडकडच्या एका शेतकऱ्यांचा फोन आला. ट्रॅक्टर चालवताना त्यांनी तो भाग ऐकला होता, त्यांना “ही फवारणी करायची” एवढेच ऐकू आले होते, आणि पंप भरण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी विचारले होते. मी मूळ मुद्रण उघडून मीटरवर पाहिले, तेव्हा “फवारणी” हा शब्द उणे ८ डेसिबलपर्यंत (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा) गेला होता आणि “नाही” उणे २४ वर होता. हा १६ डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिलहरीच्या उंचीत सुमारे सहापट फरक. शांत खोलीत हेडफोन लावून ऐकणाऱ्या मला तो जाणवला नव्हता. ट्रॅक्टरच्या आवाजात मात्र वाक्याचा अर्थच उलटला होता.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नकारही तेथेच येतो, आणि बोलणाऱ्याचा श्वासही नेमका तेथेच संपत आलेला असतो. त्यामुळे “आहे”, “नाही”, “नये”, “असेल तर” हे शब्द बहुतेकांच्या बोलण्यात सर्वांत हलके पडतात. मोठा आणि लहान आवाज यांच्यातील अंतर सांभाळणारी जी साधने ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, म्हणजे कॉम्प्रेसर, गेट, डी-एसर आणि लिमिटर, ती नव्याने शिकणाऱ्याने हा शेवटचा शब्द समोर ठेवूनच शिकावीत, असे माझे मत आहे. कोणतेही बटण फिरवले की वाक्याचा शेवट ऐकायचा, एवढी सवय लागली तर बाकीच्या गोष्टी समजायला सोप्या जातात.

पुढील उदाहरणे मी ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर गृहीत धरून देत आहे, कारण ते विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावर चालते. २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून त्यात इफेक्ट, म्हणजे आवाजावर लावायची अशी साधने, चालू ठेवून ऐकता ऐकता बदलता येतात, आणि २०२४ मधील ३.६ आवृत्तीत नवा कॉम्प्रेसर व नवा लिमिटर आला, ज्यात आवाज किती दाबला जात आहे हे आलेखावर दिसते. तुमची आवृत्ती त्याहून जुनी असेल तर आधी ती अद्ययावत करून घ्यावी. रीपर किंवा अन्य सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हीच नावे आणि हेच आकडे लागू पडतील. खिडकीचे रूप तेवढे वेगळे असेल.

मुद्रण करतानाची तयारी

डिजिटल ध्वनीत शून्य डेसिबल ही वरची मर्यादा आहे आणि सगळे आकडे तिच्या खाली, म्हणजे उणे असतात. मुद्रण करताना आवाज शून्याला टेकला तर लहरीचे शेंडे कापले जातात आणि तो कर्कशपणा नंतर कोणत्याही इफेक्टने पूर्ण जात नाही. म्हणून बोलणाऱ्याला त्याचे सर्वांत जोरकस वाक्य आधी म्हणायला सांगावे आणि ते उणे १२ ते उणे ६ यांच्या दरम्यान राहील अशा बेताने माइकचा गेन, म्हणजे त्याचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठेवावे. २४ बिटमध्ये मुद्रण केल्यास आवाज थोडा कमी आला तरी चिंता नसते.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका असावा, म्हणजे “भ”, “फ”, “ध” यांच्या फुंकरा थेट त्यावर आदळत नाहीत. अंतर निम्मे झाले की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. त्यामुळे बोलणारी व्यक्ती मान हलवत असेल तर कॉम्प्रेसरचे अर्धे काम आपणच वाढवून ठेवलेले असते. बागायतदार काका सुरुवातीला हातवारे करत मागेपुढे सरकायचे. त्यांना लाकडी खुर्ची दिली आणि माइक टेबलावरून काढून त्यांच्या बाजूला उभ्या स्टँडवर लावला, तेव्हा निम्मी तक्रार तेथेच मिटली.

खोलीत पंखा बंद ठेवावा, भिंतीवर एक-दोन गोधड्या टांगाव्यात, आणि बोलणे सुरू होण्याआधी दहा सेकंद कोणीही काही न बोलता नुसती खोली मुद्रित करावी. एप्रिल-मेमध्ये नाशिकलाही पंखा बंद ठेवणे जिवावर येते, पण दहा मिनिटांचे तुकडे करून मध्ये पंखा लावावा. याचे कारण पुढे येईलच : कॉम्प्रेसर वापरल्यावर पंख्याची घरघरसुद्धा मोठी होते. शांत खोलीची पातळी उणे ६० डेसिबलच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर पुढचे काम निर्धास्त करता येते.

मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिला कधीही हात लावू नये.

आधी हाताने

नवे लोक ही पायरी गाळतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. संपूर्ण मुद्रण एकदा ऐकून ज्या ठिकाणी आवाज एकदम उसळतो, उदाहरणार्थ मोठ्याने हसणे, खोकणे, टेबलावर हात पडणे, तेवढा भाग निवडून हाताने ६ ते ८ डेसिबलने खाली आणावा. ऑडॅसिटीत यासाठी एन्व्हलप टूल आहे. लहरीवर बिंदू देऊन ती हलकेच वर किंवा खाली ओढता येते. त्याच फेरीत ज्या वाक्यांचा शेवट अगदीच बुडाला आहे तो ३ ते ४ डेसिबलने वर उचलावा. उचलताना फक्त “नाही” हा एकच शब्द पकडला तर तो चिकटवल्यासारखा ऐकू येतो. “करायची नाही” असा पूर्ण शेवट पकडून चढ हळूहळू द्यावा.

दहा मिनिटांच्या मुद्रणाला याला पाऊण तास लागतो. तो द्यावा, कारण त्यानंतर कॉम्प्रेसरला बेताचेच काम उरते, आणि बेताने काम करणारा कॉम्प्रेसर ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

कॉम्प्रेसर प्रत्यक्षात काय करतो

एक गैरसमज आधी दूर करावा लागेल. फाइल लहान करण्यासाठी एमपी३ करतात त्यालाही कॉम्प्रेशन म्हणतात, पण त्याचा या साधनाशी संबंध नाही. दुसरा गैरसमज असा की कॉम्प्रेसर लहान आवाज मोठा करतो. तो प्रत्यक्षात मोठा आवाज खाली दाबतो. त्यानंतर आपण सगळाच आवाज वर उचलतो, आणि त्यामुळे लहान आवाज पूर्वीपेक्षा पुढे येतो.

वरच्याच वाक्यावर हिशेब करून पाहू, आणि हिशेब स्वच्छ राहावा म्हणून हाताने केलेली सुधारणा तूर्त बाजूला ठेवू. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर गेल्यावर दाबणे सुरू होते तो उंबरठा, उणे २० वर ठेवला. रेशो ३:१ ठेवला, याचा अर्थ उंबरठ्याच्या वर आलेल्या दर ३ डेसिबलमधील १ डेसिबलच बाहेर जाईल. “फवारणी” उणे ८ वर होता, म्हणजे उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर. त्यातले ४ उरतील आणि तो शब्द उणे १६ वर येईल. “नाही” उणे २४ वर, म्हणजे उंबरठ्याच्या खाली असल्यामुळे तो जिथल्या तिथे राहील. १६ डेसिबलचे अंतर आता ८ झाले. त्यावर मेकअप गेन, म्हणजे दाबल्यानंतर सगळाच आवाज वर उचलणे, ६ डेसिबल दिला की “फवारणी” उणे १० वर आणि “नाही” उणे १८ वर येतो. हा हिशेब कागदावर एकदा स्वतः करून पाहावा. थ्रेशोल्ड आणि रेशो यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्यातून जितका उमगतो तितका कोणत्याही व्याख्येतून उमगत नाही.

याच हिशेबात धोकाही दडलेला आहे. ६ डेसिबल उचलले तेव्हा पंखा, भिंतीवरून परतणारा आवाज, श्वास आणि लांबून येणारा हॉर्न हेही ६ डेसिबलने वर आले.

आता प्रत्यक्ष मांडणी. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या डाव्या बाजूला इफेक्ट्सचे बटण आहे. ते उघडून यादीतून कॉम्प्रेसर जोडावा. मुद्रणातील असे वीस सेकंद निवडावेत की ज्यात एक जोरकस वाक्य आणि एक हलका शेवट दोन्ही आहेत, आणि ते सतत फिरत राहतील असे लूपवर लावावेत. मेकअप गेन प्रथम शून्यावर ठेवावा. रेशो ३:१ ठेवून थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणत जावे. आलेखावर किंवा मीटरवर किती डेसिबल दाबले जात आहेत हे दिसते. सामान्य बोलण्यात ते ३ ते ६ च्या दरम्यान आणि अगदी जोरकस शब्दावर ८ पर्यंत राहील अशा ठिकाणी थांबावे. बोलणे चालू असताना काटा कधीच शून्यावर परतत नसेल तर थ्रेशोल्ड फार खाली गेले आहे असे समजावे.

अटॅक म्हणजे उंबरठा ओलांडल्यावर किती वेळात दाबायचे आणि रिलीज म्हणजे आवाज खाली गेल्यावर किती वेळात सोडायचे. हे दोन आकडे वाचून समजत नाहीत, ऐकूनच समजतात, आणि ते ऐकण्यासाठी बोलण्यापेक्षा पखवाज बरा. भजनाच्या एखाद्या मुद्रणावर अटॅक १ मिलिसेकंद ठेवून पाहा : थापेचा पहिला ठोका बोथट होतो आणि पखवाज जणू कापडाखाली झाकला जातो. अटॅक ३० मिलिसेकंद करा : ठोका मोकळा सुटतो आणि त्यामागची गुंज तेवढी दाबली जाते. हा फरक एकदा कानात बसला की बोलण्यातही तो ओळखता येतो. बोलण्यासाठी १० मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी. “क”, “ट”, “प” यांची धार बोथट वाटली तर १५ ते २० पर्यंत वाढवावे.

रिलीजच्या बाबतीत आपला वाक्याचा शेवट पुन्हा कामाला येतो. “फवारणी” वर दाबलेला हात “नाही” येईपर्यंत उचलला गेला पाहिजे. रिलीज अर्ध्या सेकंदाहून जास्त ठेवला तर मोठ्या शब्दामुळे झालेली दाब पुढच्या हलक्या शब्दावरही चालू राहते, आणि ज्याला वाचवायचे तोच आणखी बुडतो. उलट रिलीज ३०-४० मिलिसेकंदांवर आणला तर प्रत्येक विरामात श्वास आणि खोली झपकन वर येतात आणि आवाज धापा टाकत असल्यासारखा वाटतो. १५० मिलिसेकंदांच्या आसपास सुरुवात करून दोन्ही टोके मुद्दाम ऐकावीत आणि मग मधली जागा शोधावी. नी नावाचे जे बटण असते ते उंबरठ्यावरचे वळण किती गोलसर असावे ते ठरवते. बोलण्यासाठी ते ६ डेसिबल ठेवून विसरून जावे.

शेवटी मेकअप गेन द्यावा, आणि येथे कान फसतो. जो आवाज थोडा मोठा तो आपल्याला चांगला वाटतो, मग तो बिघडलेला असला तरी. म्हणून कॉम्प्रेसर चालू आणि बंद अशी तुलना करताना दोन्हींची पातळी आधी समान करून घ्यावी, आणि मगच कोणते अधिक स्वच्छ आहे हे ठरवावे. असे केल्यावर कधी कधी मूळ मुद्रणच सरस ठरते. तेव्हा रेशो २:१ करून पुन्हा पाहावे.

इफेक्टच्या यादीत एलए-२ए किंवा ११७६ अशी नावे दिसली तर गोंधळू नये. ही १९६० च्या दशकातील प्रत्यक्ष यंत्रे असून आजची अनेक सॉफ्टवेअरे त्यांची नक्कल करतात. एलए-२ए मध्ये आवाजाच्या जोराप्रमाणे आत प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून दाब ठरते. त्यात मुख्य बटणे दोनच, त्यामुळे बोलण्यासाठी ते सोपे पडते. बिल पुटनम यांनी रचलेले ११७६ फार वेगवान आहे आणि नवख्या हातात ते लवकर कर्कश होते. कान तयार होईपर्यंत सॉफ्टवेअरमधला साधा कॉम्प्रेसरच वापरावा.

गेट : जपून वापरण्याचे साधन

गेट ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतो. ते कॉम्प्रेसरच्या आधी लावावे, कारण कॉम्प्रेसरनंतर बोलणे आणि खोलीचा आवाज यांतील अंतर कमी झालेले असते आणि दोघांमध्ये रेघ ओढणे अवघड जाते.

निफाडहून फोन आल्यानंतर मी प्रथम गेटच तपासला. मी तो उणे ३० वर ठेवला होता आणि खालचा आवाज पूर्ण बंद केला होता. “नाही” मधील “ना” त्या पातळीच्या वर होता, पण “ही” उणे ३३ पर्यंत उतरत गेला होता आणि गेटने तो मध्येच कापला होता. अर्धवट कापलेला हलका शब्द ट्रॅक्टरवर पूर्णच हरवला. तेव्हापासून मी गेटची पातळी आधी मुद्रित केलेल्या शांत खोलीपेक्षा फक्त ६ ते ८ डेसिबल वर ठेवतो. खोली उणे ६० वर असेल तर गेट उणे ५२ च्या आसपास येतो. ऑडॅसिटीच्या नॉइज गेटमध्ये लेव्हल रिडक्शन नावाची एक सोय आहे. तेथे पूर्ण शांतता न मागता उणे १० ते उणे १२ एवढेच द्यावे, म्हणजे विरामात खोली हलकी होते पण नाहीशी होत नाही. होल्ड, म्हणजे आवाज खाली गेल्यावरही गेट उघडे राहण्याचा वेळ, २०० मिलिसेकंद आणि डीके, म्हणजे ते हळूहळू मिटण्याचा वेळ, त्याहून जास्त ठेवावा, म्हणजे “आहे” मधील “हे” विरून जायला वेळ मिळतो. शब्दाच्या सुरुवातीचा “ह”ही तपासावा. “हवामान” चे “अवामान” झाले असेल तर पातळी आणखी खाली न्यावी.

रस्त्यावरचे हॉर्न, कुकरची शिट्टी किंवा ओझरच्या बाजूने जाणारे विमान बोलण्याच्या मध्येच आले असेल तर गेट काही करू शकत नाही, कारण त्या क्षणी ते उघडेच असते. ते वाक्य पुन्हा म्हणवून घेणे हाच उपाय आहे.

कॉम्प्रेसरनंतर “स”, “श” आणि “च” टोचू लागले तर डी-एसर लावावा. तो साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यापुरताच कॉम्प्रेसर आहे. ३-४ डेसिबलपेक्षा जास्त दाबू नये, नाहीतर “शेत” चे “सेत” ऐकू येते.

लिमिटर आणि अंतिम पातळी

लिमिटर हा अतिशय मोठ्या रेशोचा कॉम्प्रेसर असून तो साखळीत सर्वांत शेवटी येतो. त्याची छताची पातळी उणे १ डेसिबल ठेवावी, कारण एमपी३ किंवा एएसी करताना लहरीचे शेंडे मूळपेक्षा किंचित वर जाऊ शकतात. लिमिटरने फक्त अधूनमधून येणारा एखादा शेंडा पकडावा. तो सतत ४-५ डेसिबल दाबत असेल तर मागच्या पायऱ्यांवर काहीतरी राहिले आहे. मागे जाऊन ते दुरुस्त करावे.

मीटरवरचा शेंडा आणि कानाला जाणवणारा मोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट एलयूएफएस या एककात मोजतात. ॲपलने पॉडकास्टसाठी उणे १६ एलयूएफएसची शिफारस केली आहे, आणि बोलण्याच्या मुद्रणासाठी मी तोच आकडा धरतो. फाइल एकाच चॅनेलची, म्हणजे मोनो असेल तर ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला ड्युअल मोनो (तोच आवाज दोन्ही बाजूंना) मानण्याची जी खूण आहे ती लावावी; नाहीतर दोन कानांनी ऐकताना पातळी ३ डेसिबलने चुकते.

येथे क्रमाची एक चूक फार जण करतात. ट्रॅकवर चालू ठेवलेले इफेक्ट ऐकताना आणि निर्यातीच्या वेळी लागू होतात, पण मेनूतून लावलेले लाउडनेस नॉर्मलायझेशन खालच्या मूळ लहरीवर होते. म्हणजे कॉम्प्रेसर नीट जुळवल्यानंतर ते लावले तर कॉम्प्रेसरमध्ये शिरणारी पातळीच बदलते आणि थ्रेशोल्डचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून गेट, कॉम्प्रेसर आणि डी-एसर ठरले की ट्रॅक्सच्या मेनूतून मिक्स करून नवा ट्रॅक तयार करावा, जुना ट्रॅक म्यूट करावा, नव्या ट्रॅकवर लाउडनेस नॉर्मलायझेशन करावे आणि त्यानंतर त्यावर लिमिटर लावावा.

हे सगळे आकडे समजावून सांगणाऱ्या बोलण्यासाठी आहेत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात कोणी कविता म्हटली आणि तुम्ही ती मुद्रित केली, तर याच मापाने ती दाबू नये. तेथे हलके पडणे हा म्हणणाऱ्याचा निर्णय असतो. रेशो १.५:१ किंवा २:१, दाब २ डेसिबलच्या आत आणि गेट पूर्ण वगळलेला, एवढ्यावर थांबून उरलेले काम एन्व्हलपने हाताने करावे.

फाइल पाठवण्याआधी ती हेडफोनवर न ऐकता फोनच्या स्पीकरवर, फोन हातभर दूर धरून ऐकावी. मी ती घेऊन द्वारका चौकापर्यंत जातो आणि सिग्नलच्या कडेला उभा राहून फक्त वाक्यांचे शेवट ऐकतो. जेथे “नाही” किंवा “नये” यासाठी फोन कानाजवळ न्यावा लागतो, त्या जागेची वेळ कागदावर टिपून घरी परततो आणि तेवढ्याच जागी एन्व्हलप पुन्हा हातात घेतो. कॉम्प्रेसरची मांडणी प्रीसेट म्हणून जतन करावी, पण पुढच्या मुद्रणाला थ्रेशोल्ड तेवढे नव्याने लावावे, कारण माइकचे अंतर चार बोटांनी बदलले तरी ते जुने थ्रेशोल्ड त्या आवाजाचे राहत नाही.